गॅरेजकडची खिडकी

मालनच्या स्वयंपाकघराची खिडकी नवऱ्याच्या गॅरेजच्या अंगणात उघडत असे. ही खिडकी तिथे असावी की नसावी, यावर घर बांधतानाच एक छोटं भांडण झालं होतं.

पेठ रोडला जागा घेतली ते साल ब्याण्णव. पुढे पत्र्याची शेड, मधे गाड्या वळवायला अंगण आणि मागे राहायला दोन खोल्या, एवढाच देवरामचा बेत. गवंड्याने खिडकीचं विचारलं तेव्हा सासूबाई फुलाबाई म्हणाल्या, "गॅरेजकडं कशाला खिडकी? बाप्ये माणसं येत्यात-जात्यात. मागं नाल्याकडं काढा."

देवराम म्हणाला, "नाल्याचा वास भाकरीला लागंल."

एवढ्यावर खिडकी गॅरेजकडे निघाली.

देवरामचं काम एकाच प्रकारचं. इंजिनाला तो हात लावत नसे. गाडी खालून वाजते म्हणून जो येईल त्याचा आवाज शोधायचा आणि घालवायचा. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या जिपा त्या रस्त्याने नाशकात उतरायच्या आणि रस्ते असे होते, की गाव सोडताना गप्प असलेली गाडी नाशिकला पोचेपर्यंत भजनी मंडळ होऊन जाई. "सरकारनं रस्ते नीट केले तर आपण उपाशी मरू," असं देवराम म्हणायचा. सरकारने ती वेळ येऊ दिली नाही.

सुरुवातीला हाताखाली कोणी नव्हतं. गाडी चालवणाऱ्याला आवाज पुढून येतो की मागून, डावीकडून की उजवीकडून, हे नीट कळत नाही. दुसरं माणूस मागे बसून ऐकावं लागतं. म्हणून देवराम मालनलाच हाक मारायचा. "चल गं, मागं बस." ती पिठाचे हात पदराला पुसून मागच्या सीटवर बसायची, तळहात खाली पत्र्याला टेकवायची आणि तो मखमलाबादच्या रस्त्याला खड्ड्यांतून गाडी घालायचा. तिला पार्टांची नावं येत नव्हती. ती आपल्या घरातलं सांगायची. मुसळ उखळाच्या काठाला लागतंय, असं म्हणाली की तो सांध्यांतले रबराचे बुश बघायचा. पाळण्याची कडी म्हणाली की मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या. डब्यावर झाकण बसत नाहीये, असं म्हटलं की पुढच्या दांड्याची लिंक. दहातल्या नऊ वेळा तिचं खरं निघे, आणि रात्री जेवताना तो तोंडाने सगळे आवाज काढून दाखवी. मग ती पोट धरून हसायची.

ते दिवस फुलाबाईंनी संपवले. "सून गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून हिंडती, लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणत नव्हते, पण फुलाबाई रोज म्हणत होत्या. मालनने मागच्या सीटवर बसणं सोडलं आणि ती खिडकीत उभी राहू लागली. फुलाबाई गेल्या, तरी ती खिडकीतच राहिली. कान मात्र अंगणातच असायचे. भाकरी थापता थापता तिला कळायचं, आलेली गाडी कशाने आजारी आहे.

एक आवाज तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता आणि तो ती विसरली नव्हती. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात केरू नावाचा एक ड्रायव्हर सुरगाण्याहून आंबे भरलेली जीप घेऊन आला. जीप अंगणात वळली तेव्हा पुढच्या चाकापाशी दाणे न घालता जातं ओढल्यासारखा आवाज झाला. करकर नाही, खडखड नाही. दगडाने दगड खावा तसा. मालनच्या अंगावर काटा आला होता. देवरामनेही तो ऐकला आणि तो म्हणाला, "केरू, गाडी इथंच ठेव. वाटी कोरडी पडलीय." केरू म्हणाला, "आंबं उतरवून येतो, दाजी." आरटीओच्या कोपऱ्यावर जीपचं पुढचं चाक आडवं पडलं. पाय मुडपून बैल बसावा तशी जीप बसली आणि आंबे रस्ताभर झाले. गाडी हळू होती म्हणून कोणाला लागलं नाही. त्या रात्री देवरामने मालनला वाटीत लिंबू ठेवून दाखवलं. "चाकाचा सगळा भार अशा एका गोळ्यावर अन् वाटीवर असतो. ग्रीस सुकलं की गोळा वाटीला खातो. वरून कायबी दिसत नाय. अन् एक दिवस गोळा वाटीतून निघून येतो. घाटात निघाला तर स्टेअरिंग आपल्या हातात राहतं अन् चाक त्याच्या वाटेनं जातं."

पुढे देवरामचं नाव झालं. जिपांच्या जागी कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या मोठ्या घरगुती गाड्या येऊ लागल्या. सात माणसं बसणाऱ्या, आत पडदे लावलेल्या. आणि याच काळात देवरामची एक पद्धत सगळीकडे गाजली. तो गाडीखाली शिरत नसे, कान लावत नसे. मडगार्डवर पंजा ठेवायचा, मालकाला स्टेअरिंग फिरवायला सांगायचा, क्षणभर मान वर करायचा आणि बरोबर सांगायचा: डाव्या बाजूचा खालचा बुश. "हात लावून सांगतो," असं लोक एकमेकांना सांगत. मालेगावहून, कळवणहून माणसं त्या हातासाठी येत.

मान वर करायचा तेव्हा तो खिडकीकडे बघायचा. मालनकडे.

हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं तेव्हा ती लाजून कढईत बघायला लागली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हाताला ग्रीस, डोक्यात दहा गिऱ्हाइकं, तरी हा माणूस दर गाडीमागे एकदा तरी आपल्याकडे बघतो. शेजारच्या कुसाबाईंच्याही ते नजरेतून सुटलं नव्हतं. पापड लाटायला आल्या की त्या म्हणायच्या, "मालन, तुझा नवरा गाडी कमी बघतो अन् तुला जास्त. आमचं बेणं तर मी मेले तरी जेवणाच्या वेळेला बघंल." मालन "काहीतरीच" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी जरा निगुतीने घालायची. गॅरेज उघडायच्या आधी तोंड धुऊन, कुंकू नीट करून ती खिडकीपाशी येई. तिचा दिवस तिथून सुरू होई.

बाकी तक्रारी होत्याच. देवराम हाकेला ओ देईनासा झाला होता. टीव्ही एवढा मोठ्याने लावायचा की कुसाबाईंना आपल्या घरात बातम्या कळत. काही सांगायला जावं तर भलत्याचंच उत्तर देई. पण हाकेला ओ देणारा नवरा मालनने आपल्या माहेरीही पाहिला नव्हता, की शेजारी. तिने ते पुरुषाच्या स्वभावात टाकून दिलं. आणि रात्री जेवताना तो आवर्जून विचारायचा, "आजची ती पांढरी गाडी कशी वाटली तुला?" ती सांगायची, मागून डावीकडे मुसळ लागतंय. तो मान हलवायचा. आपल्याला अजून विचारतो, एवढ्यावर तिचं पोट भरायचं.

दोन हजार एक साली, दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ संतोष घोटीहून आला. भाताच्या व्यापारात त्याचं बरं चाललं होतं आणि त्याने सात सीटची जुनी गाडी घेतली होती. गाडीत बायको आशा, लेक तेजस्विनी आणि आई, लंकाबाई. निघाले होते सप्तशृंगीच्या गडाला. लंकाबाईंचा नेम होता, की घरात आलेलं वाहन आधी देवीच्या पायाशी न्यायचं. तोवर त्याला पाना लावायचा नाही, धुवायचंही नाही. संतोषच्या पहिल्या सायकलीलाही त्यांनी हाच नेम लावला होता. सायकल गडाच्या पायथ्यापर्यंत एसटीच्या टपावरून गेली होती.

"दाजी, वळताना पुढं कुरकुरती," संतोष उतरता उतरता म्हणाला. "जरा हात लावा. आई खोलू देणार नाय, पण तुम्हाला कुठं खोलावं लागतं?"

"जावईबुवा, पाना नाय लावायचा हं," लंकाबाई म्हणाल्या.

"नाय लावत, आई. नुसता हात लावतो."

प्रवासाने लंकाबाईंची कंबर धरली होती. मालनने त्यांना पुढच्या खोलीत आडवं केलं आणि ती तेल चोळत बसली. आशा म्हणाली, "ताई, तुम्ही उठू नका. पोहे मी करते." आणि ती स्वयंपाकघरात गेली. मायलेकी बऱ्याच दिवसांनी भेटल्या होत्या. कोणाच्या लग्नात कोण रुसलं ते सांगता सांगता लंकाबाईंची कंबर सुटली. अंगणात गाडी चालू झाल्याचं मालनने ऐकलं, पण मधे दोन भिंती होत्या आणि लंकाबाई बोलत होत्या.

पोहे झाले, चहा झाला. संतोष खुशीत होता. "दाजी म्हणाले, रबर जुनं हाय, म्हणून कुरकुरतं. देवीला जाऊन या, मग बघू. दिंडोरीला चहाला थांबू, अन् मग थेट गड."

सगळे गाडीत बसले. मालनने आईच्या ओटीत नारळ घातला, तेजस्विनीच्या हातात लाडूचा डबा दिला. संतोषने अंगणात गाडी वळवायला स्टेअरिंग पूर्ण फिरवलं.

दगडाने दगड खाल्ला.

मालनचा निरोपाला उचललेला हात तसाच राहिला. गाडी फाटकातून बाहेर पडली, पुन्हा वळली आणि तो आवाज पुन्हा आला, या वेळी लांबट. मग गाडी रस्त्याला लागली. तेजस्विनी मागच्या काचेतून हात हलवत होती आणि देवराम हसत हसत तिला हात हलवत होता.

"अहो," मालन म्हणाली, "ऐकलंत?"

तो हात हलवतच राहिला.

"अहो!" तिने त्याच्या दंडाला धरलं. तो वळला. "ऐकलंत का तुम्ही ते?"

"काय?"

"वाटीचा आवाज. केरूच्या गाडीचा."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि मालनला एकदम दिसलं, की हा असाच बघतो. कितीतरी दिवस असाच बघतो.

"तुम्हाला आला नाही आवाज," ती म्हणाली.

त्याने अजून वर असलेला हात खाली घेतला.

"सांगा ना! आला नाही?"

"तू खिडकीत नव्हतीस," देवराम म्हणाला. "खिडकीत आशा होती. मी दोनदा बघितलं. ती पोहे हलवत होती."

मालनला आधी शब्द कळले, अर्थ मागून आला. अर्थ आला तेव्हा तिने त्याचा दंड सोडला.

"म्हणजे?"

"तू ऐकलं की तुझं तोंड सांगतं, मालन. मुसळ लागलं की तू हात थांबवती. कडी वाजली की मान वाकडी करती. बारीक आवाज मला येत नाय. लय वर्षं झाली. पत्र्याखाली घण मारून मारून गेले कान. मोठं बोललं तर कळतं, तोंड बघून कळतं." तो घाईघाईने बोलत होता. "तुझ्याकडं बघून मला समजायचं. बाकीचं रात्री तुला विचारायचो."

सकाळच्या कुंकवावर तिचा हात आपोआप गेला आणि तिने तो खाली घेतला. दर गाडीमागची ती नजर. वेणी. कुसाबाईंचं हसणं. तिच्या मनात एवढं सगळं एकदम आलं आणि त्यावर कुठे रडायचं ते तिला ठरवता येईना. कारण त्याच वेळी तिची आई, भाऊ, भावजय आणि भाची त्या चाकावर बसून गडाच्या घाटाकडे चालली होती.

"मोटरसायकल काढा," ती म्हणाली. तोंड त्याच्याकडे करून, मोठ्याने.

कोणाकडे मोबाइल असण्याचे ते दिवस नव्हते, निदान त्यांच्या घरात तरी. म्हसरूळ ओलांडलं तरी गाडी दिसली नाही. मालन मागे बसून ओरडत होती, "त्या ट्रकच्या पुढं काढा! अहो, डाव्या बाजूनं!" आणि देवरामच्या मानेवरची एक शीरसुद्धा हलत नव्हती. वाऱ्यात त्याला काहीच ऐकू जात नव्हतं. तिने खांद्यावर मारून दिशा दाखवायला सुरुवात केली. आपण या माणसाशी पाठीमागून किती वर्षं बोलत आलो आणि त्यातलं किती त्याच्यापर्यंत पोचलं नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात सुरू झाला. तिने तो तिथेच थांबवला. प्रत्येक वळणावर ती आधी रस्त्याच्या कडेच्या चारीत बघत होती.

दिंडोरीला, वणीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी उभी होती. चारही चाकांवर उभी. मालन मोटरसायकलवरून उतरली.

मंडळी चहा पिऊन पुन्हा गाडीत बसत होती. "ताई? लाडू कमी पडतील म्हणून आलीस का?" संतोष हसला.

देवराम पुढे झाला. "संतोष, गाडी नको नेऊ. मला शंका आली. पुढचं चाक खोलून बघावं लागंल."

"खोलून?" लंकाबाई खिडकीतून म्हणाल्या. "जावईबुवा, नेम हाय. गड दोन घटकांवर आला, आता पाना लावता?"

"आई, पण..."

"दाजी, सकाळी तुम्हीच हात लावून म्हणाला, जाऊन या." संतोषने गाडीच्या टपावर थाप मारली. "मी कळवणच्या एका व्यापाऱ्यालाबी सांगून ठेवलंय, दाजींनी हात लावला की गाडी पास. आता तुम्हीच नापास करता व्हय?"

टपरीवाला आणि बाकावरचे दोघेतिघे ऐकायला लागले होते. मालनला कळलं, आता हा काहीही सांगो, कोणी ऐकणार नाही. त्याच्या हाताची कीर्तीच वाटेत आडवी उभी होती. संतोष स्टेअरिंगवर बसला, किल्ली फिरवली. देवराम तिच्याकडे बघत होता, त्याच जुन्या नजरेने. पण या वेळी तिचं तोंड बघून त्याचं काम होणार नव्हतं. कोणीतरी तोंडाने बोलायला हवं होतं, आणि तो बोलत नव्हता.

मालनने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"ह्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "सकाळी ह्यांना आवाज आलाच नाही. मला आला. चाक सुटणार आहे."

संतोषने आधी बहिणीकडे पाहिलं, मग दाजींकडे. तो हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. "काय बोलती तू? दाजी?"

देवराम खाली बघत होता. "खरं हाय," तो म्हणाला. "लय दिवसांचं हाय."

संतोषने स्टेअरिंगवरचा हात काढला. मग आशाने आधी पोरीला उतरवलं.

लंकाबाई उतरल्या, पण गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. नेम मोडताना बघायचा नव्हता. देवरामने जॅक लावला, चाक काढलं. टपरीवाल्याकडून पहार मागून घेतली आणि खालून घालून दाबली. काही झालं नाही. संतोष म्हणाला, "बघा, घट्ट तर हाय." देवरामने जॅकची जागा बदलली, भार काढून घेतला आणि पहार पुन्हा दाबली, अगदी हलक्या हाताने.

गोळा वाटीतून बाहेर आला. लिंबू उचलावं तसा. रबर फाटलेलं होतं, आत ग्रीस नव्हतं, नुसती तांबडी माती झाली होती.

संतोष खाली बसला. त्याने तो गोळा हातात घेतला, परत वाटीत ठेवला, परत उचलला. "नांदुरीच्या पुढच्या घाटात..." एवढंच तो म्हणाला. आशाने तेजस्विनीला पोटाशी धरलं होतं. पोर सारखी विचारत होती, "आई, काय झालं? काय झालं गं?"

पहारीचा आवाज थांबला तशा लंकाबाई वळल्या. त्यांनी ते उघडं चाक, भुईवर बसलेला लेक आणि सुटा गोळा बघितला. त्यांनी देवीचं नाव घेतलं, तिथूनच गडाच्या दिशेने हात जोडले. मग त्या मालनपाशी आल्या. मालनला वाटलं, आई आता जवळ घेईल.

"चारचौघांत नवऱ्याला असं बोलतात का?" लंकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं?"

मालन एक पाऊल मागे सरली. सकाळपासून बसलेल्या धक्क्यांत हा कुठे ठेवावा ते तिला कळेना. पुढे कित्येक वर्षं हे आठवलं की तिला गोळा वाटीतून निघालेला दिसायचा नाही, आईचं हे वाक्य ऐकू यायचं.

वणीची एसटी आली. संतोष सगळ्यांना घेऊन गडावर गेला; नेम मोडला होता, निदान माफी तरी मागायची होती. जाताना तो दाजींशी काही बोलला नाही. देवराम मोटरसायकलवर नाशकात गोळा-वाटीचा नवा जॉइंट आणायला गेला. मालन टपरीच्या बाकावर गाडीजवळ बसून राहिली.

टपरीवाला सहादू चहा ठेवून म्हणाला, "वहिनी, मेकॅनिक कोण म्हणायचं मग? ते का तुम्ही?"

"दूध जळतंय तुमचं," मालन म्हणाली.

देवराम आला. तासभर तो गाडीखाली होता. चाक चढवलं, जॅक काढला, इंजिन चालू केलं. स्टेअरिंग एका अंगाला पूर्ण फिरवलं, मग दुसऱ्या अंगाला. आणि सवयीने मान वर करून त्याने मालनकडे बघितलं.

ती नजर येणार हे तिला माहीत होतं. ती येण्याआधीच तिने तोंड फिरवलं. रस्त्याने द्राक्षबागेच्या औषधाची पिंपं घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता, त्याकडे ती बघत बसली. मागे स्टेअरिंग पुन्हा फिरलं. पुन्हा थांबलं. इंजिन बंद झालं. चपला वाजल्या आणि तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय म्हणतीय गाडी?"

ती ट्रॅक्टरकडेच बघत राहिली.

"मालन," तो म्हणाला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, नको एवढ्या मोठ्याने. "मला येत नाय ऐकू. तू सांग."

बाकावरच्या माणसांनी कप खाली ठेवले. सहादूने स्टोव्ह बारीक केला. मालन वळली.

"डावीकडची वाटी गप्प झाली," ती म्हणाली. "उजवीकडची कोरडी पडायला लागलीय. तीही बदला."

"एकच आणलाय मी."

"मग परत जा. माझी आई गडावरून आली की याच गाडीतून घरी जाणार आहे."

त्याने मान हलवली आणि तो मोटरसायकलकडे निघाला. "अन् उद्या गॅरेज उघडायचं नाही," ती म्हणाली. तो पाठमोरा होता, चालतच राहिला. मालन उठली, झपाझप जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि सावकाश पुन्हा म्हणाली, "उद्या गॅरेज बंद. आधी दवाखान्यात कान दाखवायचे."

"गिऱ्हाइकं येतील की. त्यांना काय सांगू?"

"खरं सांगायचं. तुमच्या हाताच्या भरवशावर पोरंबाळं घेऊन जातात ती."

देवरामने एकदा मागे, टपरीवरच्या माणसांकडे बघितलं. सगळे ऐकत होते. "सांगतो," तो म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढून हाताचं ग्रीस पुसलं आणि मोटरसायकलला किक मारली.